पापणीवरची घडी

पहिला अर्धा तास मी हात लावत नाही.
कठड्याला टेकून थर्मासमधली कॉफी ओतते,
आणि स्टेइनग्रीमुर मनातल्या मनात
माझ्या फीचा हिशेब करत राहतो.
"तिला काहीएक झालेलं नाही," तो म्हणतो,
"आळस भरलाय. डोंगरावरून मेंढ्या उतरवून आलो
तेव्हापासून तोल्ट विसरलीय."

तोल्ट म्हणजे इथल्या घोड्यांची ती चाल,
ज्यात स्वाराच्या हातातला काठोकाठ पेला
हिंदकळत नाही.
थोका बारा वर्षं अशी चालली.
थोका म्हणजे धुकं. रंगही तसाच.

मी बघते.
उभ्याउभ्या डुलकी घेताना घोडं मागचा एक पाय सैल सोडतं,
आळीपाळीनं. ही दर वेळी उजवाच सोडते.
कान पुढेही नाहीत, मागेही नाहीत,
ऐकू येतंय पण लक्ष आत कुठेतरी.
नाकपुड्या आवळून कोनाड्यासारख्या झालेल्या.
हनुवटीत कुणी आतून गाठ मारल्यासारखी.
आणि डोळ्यावर, पापणीच्या वर,
एक घडी.

या बेटावर लांडगा कधीच नव्हता.
हजार वर्षांत एकही नाही.
तरी घोडीच्या रक्तात तो अजून कळपाभोवती फिरतो,
जी लंगडेल ती माझी, म्हणतो.
म्हणून ती दुखणं अंगावर काढते,
गवत खाते, शेपटी हलवते,
पाहुण्यांसमोर घरातलं भांडण झाकावं
तशी.

मग हातमोजे काढते.
आधी तळहाताची मागची बाजू, मानेवरून.
मग तळवा, खांद्यावर, वशिंडापाशी थांबून,
मग पाठीच्या लांब स्नायूवरून बोटं,
घाई न करता,
अंधारात ओळखीच्या घरात चालावं तशी.
खोगिराच्या मागच्या कडेला, उजवीकडे,
कातडी थरारली.
सप्टेंबरच्या अखेरीला इथे माश्या नसतात.

इथेच, म्हटलं,
इथेच घोडं पेंड खातंय.

"खोगीर आणा."
त्यानं आणलं. मी उलटं केलं.
डावी गादी अजून फुगीर,
उजवी दाबून दाबून भाकरीएवढी.
खोगीर खोटं बोलत नाही,
त्याला कुठल्या लांडग्याची भीती?

"तुमचा डावा खुबा कधीपासून दुखतो?"
"माझा? छे. माझं कुठे काय."
आणि त्याच्याही डोळ्यावर,
पांढऱ्या भुवईखाली,
तीच घडी.

दारात उभी असलेली त्याची मुलगी, अल्डिस,
फक्कन हसली. मग हसली नाही.

मी कामाला लागले.
अंगठ्यानं दाबायचं, धरायचं, वाट बघायची.
स्नायू हट्टी असतो, पण ऐकतो.
पंधराव्या मिनिटाला थोकानं मान खाली सोडली,
ओठ लोंबले, जीभ फिरवली,
आणि मग ती जांभई!
जबडा हा असा, डोळे पांढरे,
एकामागून एक सहा.
स्टेइनग्रीमुरनं टोपी काढून परत घातली.

तीन आठवडे खोगीर नाही.
जमिनीवर काठ्या आडव्या ठेवून त्यांवरून हळू चालवायचं.
गाजर दाखवून मान वळवायची,
आधी बरगडीपर्यंत, जमलं तर खुब्यापर्यंत.
दोन्ही बाजूंनी. हो, डावीकडूनही.
"आणि तुम्ही?" मी विचारलं.
तो म्हणाला, "गाजर मला आवडत नाही."
तरी निघताना आरशात दिसलं:
तो तिला काठ्यांवरून नेत होता,
आणि तिच्यासोबत स्वतःही पाय
मोजून मोजून उचलत होता.

पावती मी एकाचीच फाडली.

परतीच्या रस्त्यावर लाव्हाच्या काळ्या खडकांमध्ये
ऊन जेमतेम टेकलं होतं.
गिअर बदलताना अंगठा ठणकला,
उजवा, मुळापाशी, गेल्या हिवाळ्यापासूनचा.
मी रेडिओ लावला.