खिडकीतल्या बशा

फाईल माझ्याच हातची आहे, म्हणून सांगते.
खोली पाच. आवडा केरकर. वय अंदाजे ब्याऐंशी.
रक्तदाब. पायांना भेगा, मलम दोन वेळा.
मीठ वर्ज्य. त्याखाली दोन रेघा.
आवडीनिवडी: नाही.
हे मीच लिहिलं, वर तिचं नाव असूनसुद्धा.

घाई होती. त्या दिवशी तिघांना दाखल केलं.
पुतण्याची गाडी फाटकात चालूच होती.
म्हणाला, म्हातारी साधी आहे, काही मागत नाही.
मी तेही लिहिलं: काही मागत नाही.

आगरवाड्याच्या चढणीवर आमची इमारत, तेरा खाटा.
खाली शापोऱ्याची खाडी, मिठागरं.
खोली पाचमधून मात्र पाण्याची टाकी दिसते
आणि दुपारभर ऊन.

जानेवारीत सेहेचाळीस किलो. फेब्रुवारीत चव्वेचाळीस.
मार्चचा रकाना कोरा, काटा बिघडला होता.
एप्रिलात एक्केचाळीस.
सकाळचा रूपेश लिहितो: पेज अर्धी टाकली.
दुपारची मी: जेवण ठीक.
रात्रीची साबिना: झोप शांत.
तिघांची तीन अक्षरं एकाच पानावर,
एकमेकांना ओळख न देणारी.
पाण्याचा तक्ता तेवढा भरगच्च.
ग्लास रिकामा. ग्लास रिकामा. ग्लास रिकामा.

(शेजारच्या कायतानबाबाचं श्रवणयंत्र
कपाटात पाकिटात आहे, सेल संपला म्हणून.
त्याच्या फाईलीत लिहिलंय: सूचना पाळत नाही.
पण तो वेगळा विषय. किंवा तोच.)

तपासणीच्या आदल्या रात्री मी मार्च भरला.
त्रेचाळीस लिहिलं. अधेमधे पडतं, शोभतं.
शाई निराळी दिसू नये म्हणून
जुनं पेन शोधण्यात अर्धा तास गेला.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना पडदा सरकवला
तर कठड्यावर सात बशा.
चहाच्या, एक कुंडीखालची, एक मला वाटत होतं फुटली ती.
प्रत्येकीत पाणी, आधीच्यापेक्षा थोडं कमी,
शेवटचीत नुसती पांढुरकी कडा.
आवडाबाय खाटेवरून बघत होती,
आपल्या शेतात शिरलेल्या परक्या गुराकडे बघावं तशी.
‘हात लावू नको. अजून दोन उन्हं लागतील.’

बेचाळीस वर्षं ती आगरात होती.
हे कुठल्याच पानावर नाही.
अनवाणी चिखल तुडवून तळ घट्ट करायचा,
मानशीचं दार उघडून भरती आत घ्यायची,
आणि मग काहीच करायचं नाही, तेच सगळ्यात अवघड,
उन्हाला उन्हाचं काम करू द्यायचं.

मी कडेवरून बोट फिरवून जिभेला लावलं.
नळाच्या पाण्याचा क्षार. खडूची चव.
तिनंही चाखलं. तोंड वाकडं केलं.
‘हें उदक गोडें गो,’ म्हणाली. ‘खाडयेचें हाड.’

चार महिन्यांतलं पहिलं मागणं.

गुरुवारी डॉक्टर आले. बशा बघून बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, समोर बसून पाजा.
आमटीत तिरफळ घाला, आमसूल घाला,
मिठाचं मी बघतो, इतकं कडक कुणी लिहिलं?
मी दोन रेघांवर अंगठा ठेवला.

संध्याकाळी फाईल उघडली. कुठल्या रकान्यात लिहू?
‘वर्तन’ला एक ओळ जागा, तीही छापील रेघेनं अर्धी खाल्लेली.
शेवटी समासात लिहिलं, उभं,
वाचायला पान आडवं धरावं लागेल असं:
ग्लास रिकामा म्हणजे प्यायली असं नाही.
पडदा सरकवून बघणे.

सकाळी त्याखाली साबिनाचं अक्षर होतं,
तेही उभं:
कुठला पडदा?