सबब

मार्केट कमिटीच्या सात नंबर गोडाऊनला
सगळं मानवत अजून 'बायांचा कोंडवाडा' म्हणतं.
का, म्हणून विचारलं
की हमाल तंबाखू मळत राहतात.

सरकीची पोती हलवली तेव्हा
माळ्यावर रजिस्टर सापडलं.
अर्धं वाळवीनं वाचून संपवलेलं,
उरलेलं उर्दूत.
मी काट्यावरची कारकून,
माझं वाचन क्विंटल-किलोपुरतं.

मुनिरोद्दीन गुरुजींनी भिंग पुसलं.
फसली तेराशे एक्कावन्न.
रकाने: नाव, बाप, गाव, सबब, काम.

गंगासागर. बाप लिहिला नाही. सबब: पोट.
ठकूबाई. सबब: रांडमुंड असून हसते.
आसराबी. सबब: नवऱ्यानं ओळख दिली नाही.
एक सोळा वर्षांची,
तिच्या सबबीत नुसती आडवी रेघ.
गुरुजी तिथं थांबले.
म्हणाले, ही रेघ मुन्शीनं दोनदा गिरवलीय.

कामाच्या रकान्यात सगळ्यांपुढं एकच:
सतरंजी.

निळ्या पट्ट्यांच्या.
शाळेत त्यांच्यावर बसूनच आम्ही
एकोणतीसचा पाढा अडखळत म्हटला.
साखरपुडे, सप्ते, तेराव्याच्या पंगती,
गावकीचे न्यायनिवाडेसुद्धा
त्यांच्यावरच झाले.

बिडवे मंडपवाल्याकडं एक उरली होती,
जनरेटरखाली, डिझेलनं काळी.
उलटी केली.
कोपऱ्यात लाल सुताच्या तीन गाठी,
आणि त्यांच्या बाजूला एक मोर,
वाकडा, करंगळीच्या नखाएवढा,
मुकादमाच्या नजरेत न यावा असा.
बिडवे म्हणाला, घेऊन जा, भाडं नको.

एकेचाळिसाव्या पानावर आमचं गाव निघालं.
आडनाव आमचंच.
नाव वाळवीनं खाल्लेलं,
शेवटचं एक अक्षर तेवढं शाबूत.
हे काय, गुरुजी?
'ये,' ते म्हणाले.
अक्षराचं नाव सांगत होते ते.
मला मराठीत ऐकू आलं.

रात्री आईला फोन लावला.
आज्याला बहिणी किती होत्या गं?
दोन, ती म्हणाली.
मग म्हणाली, दोनच धर.
मग म्हणाली, भाकर करपायलीय, ठेवते.

पण ठेवला नाही तिनं फोन.
थापण्याचा आवाज
कधीचाच थांबला होता.