शुक्रवारचं कुलूप

पेपरातला फोटो आमच्याच शटरचा.
कुलूपही आमचंच,
किल्ली माझ्या खिशात असते.
खाली लिहिलंय : गाशा गुंडाळला, मालक फरार.

फोटोवाला शुक्रवारी येऊन गेला.
शुक्रवारी सोहारचं आमचं गोदाम बंदच असतं,
गेली अकरा वर्षं.

शनिवारी फरार मालक, म्हणजे इरफान पारकर,
पालथ्या खोक्यावर बसून डाळीत खुबूस बुडवत
फोनवर कुणाला तरी सांगत होता,
"कंटेनर शेव्याला कस्टममध्ये अडकलाय, बुडालेला नाही."
हे वाक्य कुठे छापून आलं नाही.
त्यात कुणी पळत नव्हतं.

दुपारपर्यंत रांग लागली, आपापली खोकी परत न्यायला.
बुरैमीहून जेसम्मा नर्स आली,
खोक्यात दुधाची पावडर, भावाच्या बाळाची झबली.
पावती पुढे केली, माझ्याकडे पाहिलं नाही.
गेल्या नाताळात हिनेच आम्हाला केक आणून दिला होता.

रात्री चिपळूणहून आई :
"टीव्हीवर तुमचं दाखवलं. तू त्यातला नाहीस ना रे?"
त्यातला म्हणजे कशातला?
तिला सांगता येईना.
पण शब्द तोंडात बसला होता.

आता, आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही.
मागच्या वर्षी तीन महिने पगार नव्हता.
बावीस सह्यांचा कागद घेऊन
मीच गेलो होतो याच पेपराच्या ऑफिसात.
पाणी दिलं. "बघतो" म्हणाले.
दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानावर
आमचीच रंगीत जाहिरात : विश्वासाची दहा वर्षं.

यंदा जाहिरात परवडली नाही.

आज कपबशा बांधायला रद्दी ओढली
तर दोन्ही अंक हाताला लागले.
एका कपाभोवती विश्वास गुंडाळला,
दुसऱ्याभोवती फरार.
बोटं दोन्हींनी सारखीच काळी झाली.

पारकर म्हणाला, खुलासा द्यायचा का छापायला?
म्हटलं, आधी राहिलेल्या पगाराचं बोला.
तो गप्प बसला. चहा मात्र दोघांचा मागवला.

कपबशा आईसाठीच आहेत.
खोकं पोचलं की ती आधी कागद मांडीवर सरळ करील,
तिची सवयच ती.
इंग्रजी तिला येत नाही, फोटो येतो.
म्हणून कप पुन्हा सोडवला
आणि कुलपाशेजारी पेनने लिहिलं :
आई, हा शुक्रवार आहे.