कागद चांगला हाय

तेरवीच्या पत्रिका छापून आल्या, मामाजी,
राजुऱ्याच्या प्रेसमधून, दीडशे,
तेव्हा मी एक अंगठ्या-बोटात धरून चोळली,
तुम्ही चोळायचे तशी.
पातळ होती. पलीकडची शाई अलीकडे दिसत होती.
तुम्ही असते तर गठ्ठाच परत पाठवला असता.

मला पाहायला आले तेव्हा
सगळे माझ्याकडे पाहत होते
आणि तुम्ही माझा बायोडाटा उन्हात धरून पाहत होते.
"कागद चांगला हाय," म्हणाले,
"पोरीकडची मानसं कंजूस नसतीन."
हसू दाबता दाबता माझ्या हातातला ट्रे हलला,
चहा बशीत सांडला.
लग्न तिथंच ठरलं. बाकीचं मागून बोलले.

चौतीस वर्षं मिलमध्ये.
बांबू आत जायचा, कागद बाहेर यायचा,
मधल्या वासात तुम्ही.
सासूबाई रिठे घालून घालून सदरा धुवायच्या.
"पार्बते, पगाराचा वास हाय तो,
लय धुवू नको, कमी होईन."

रिळाच्या कापलेल्या पट्ट्या घरी यायच्या,
दाभणानं तुम्ही वह्या शिवायचे, अरुंद, उभ्या.
या घरातले हिशेब म्हणून सगळे
वीतभर लांब आणि चार बोटं रुंद.

डावा कान मशीननं नेला,
म्हणजे असं तुम्ही सांगायचे.
सासूबाई चिडल्या की नेमका तोच कान पुढे करून
मान डोलवत बसायचे.
एकदा मी त्याच बाजूला उभी राहून हळूच म्हटलं,
"मामाजी, मटन शिजलं."
आधी ताट आलं, मग तुम्ही.

मंडईच्या रात्री, साठी उलटल्यावर,
सासूबाईंचं हिरवं लुगडं नेसून दंडारीत नाचले.
पहिल्या रांगेतून त्या ओरडल्या,
"निऱ्या फाडशीन, बुडग्या!"
गाव खाली लोळलं.
तीन दिवस अबोला.
चौथ्या दिवशी तांब्यात निखारे भरून
तुम्ही अंगणात लुगड्याला इस्त्री करत होते,
घडीवर घडी, रीम बांधावं तशी.

रिटायर झाले तेव्हा मिलनं भिंतीवरचं घड्याळ दिलं.
तुम्ही ते गोठ्यात टांगलं.
"आता टाइम गाईनं पाहावा. माझा पाहून झाला."

मिल अकरा महिने बंद होती, मी यायच्या आधी.
मी सासूबाईंना विचारलं, तेव्हाही असंच हसवायचे का?
भाजी निवडता निवडता म्हणाल्या,
"नाइ. तवा तो बोलतच नव्हता."
पुढची जुडी घेतली.
हे मला परवा कळलं, मामाजी.
वीस वर्षं एका घरात राहून.

उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच.
प्रणयला सांगितलं, बांबूच्या रानात वाघानं नेलं.
भाच्याला सांगितलं, लग्नात घास भरवताना नवरीनं.
सानूला सांगितलं, एकाला उधार दिलंय,
दिवाळीला परत करणार आहे.

तेरवीला मल्लेशकाका आले, बल्लारशाहून, दोन बस बदलून.
पंगत उठल्यावर सानूला जवळ घेऊन म्हणाले,
"तुझ्या आजोबाचं बोट, बेटा... रात्रपाळी होती,
चिपरवर मी होतो, मला झोप..."
सानू म्हणाली, "ते तर उधार दिलंय."
काका थांबले.
मठ्ठ्याचा गिलास तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला.
आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.
"हो," म्हणाले. "माझ्याकडेच हाय.
दिवाळीला आणतो."

पत्रिका उरल्या चाळीस.
सासूबाई म्हणतात, मरणाच्या कागदाची वही करू नये.
मी दाभण शोधून ठेवलाय.
पातळ आहे, मामाजी,
एकाच बाजूनं लिहीन.