तीस टक्के

सेदोफैतामधल्या त्या तीन मजली घराला
परांची बांधलेली दिसली, तेव्हाच ओळखलं मी.
डावखुरा माणूस दोर उलटा फिरवतो.
आदेरितो.

वर जाळीआड तो निळ्या टाइल्स भिंतीपासून सोडवत होता,
दाताच्या डॉक्टरसारखा, एकेक,
पाठीवर पेन्सिलीनं आकडा घालून.
ते आकडे घालायला मी त्याला शिकवलं
की त्यानं मला, आता आठवत नाही.

घर सिन्योर लेओपोल्दोंचं.
माझ्या वहीत त्यांचं पान आहे :
२००९ जिना, २०१४ दर्शनी भिंत,
मग दोन पत्रं, उत्तर नाही.
मला वाटलं, म्हातारा गेला.
चर्चमध्ये त्यांच्या नावाची मेणबत्तीही लावून आले होते.
म्हातारा दारात उभा होता,
दोरीला बांधलेल्या बादलीतून
कॉफी वर पाठवत.
माझ्या करारांखाली कॉफी कधी वर गेली नव्हती.

करार होता ना. कलम नऊ :
काम सोडल्यापासून चोवीस महिने
कंपनीच्या ग्राहकांशी थेट व्यवहार करणार नाही.
खाली आदेरितोची सही, आणि शेजारी
चुन्याचा अंगठा, न मागता उमटलेला.
घरी येऊन महिने मोजले,
आधी बोटांवर, मग कॅलेंडरवर.
पंचवीस.
म्हणजे त्यानंही मोजले होते.
वरचा एक महिना त्यानं का सोडला,
यावर माझी एक अख्खी रात्र गेली.

ग्राहक कुणाचा असतो?
ज्याच्या वहीत पत्ता, त्याचा?
की स्वयंपाकघरामागच्या भिंतीत
पाणी नेमकं कुठं मुरतंय
हे ज्याच्या बोटांना कळतं, त्याचा?

एकोणीस वर्षं मी भिंतीला हात लावला नाही.
मी फोनला हात लावला.
नगरपालिकेच्या खिडकीशी उभी राहिले शिक्क्यांसाठी,
आणि आदेरितो पहिल्या मजल्यावरून पडला त्या हिवाळ्यात
विम्याच्या माणसाशी भांडले, अकरा वेळा,
बाराव्या वेळी रडले, तेव्हा पैसे आले.
या सगळ्याला आम्ही दोघं एकच शब्द वापरायचो :
तीस टक्के.
मी खालच्या आवाजात. तो मोठ्यानं.

मागच्या मंगळवारी माझ्याच जिन्यातल्या
टाइल्सची एक ओळ पोकळ वाजायला लागली.
दुसऱ्या कुणाला बोलावणार?
त्याचा नंबर मला पाठ, त्याला माझा आवाज.
जुनं काही निघालं नाही.
एका टाइलचे किती, विचारलं.
साडेदहा युरो.
मी पंधरा लावायचे.

म्हणजे एवढी होते मी.
एका टाइलमागे साडेचार युरो,
चुन्याच्या थराइतकी,
बाहेरून न दिसणारी.

तो फोन ठेवेना.
खोकला. मागे कुठंतरी ट्राम वळल्याचा आवाज.
मग म्हणाला,
फोजच्या दोना झुल्मिरा...
पाच महिने झाले. पैसे देत नाहीत, फोन उचलत नाहीत.
तुम्ही काय म्हणायचात त्यांना?

मला ठाऊक होतं काय म्हणायचं.
त्यांना काहीच म्हणायचं नाही.
त्यांच्या भावाला फोन करायचा, नोटरी आहे तो,
शनिवारी, जेवणाआधी,
आणि फक्त तब्येत विचारायची.
सोमवारी चेक येतो.

तोंडाशी आलं होतं.
आधी जिना बघून जा, म्हटलं. मग बोलू.
गुरुवारी येतो म्हणालाय.

कॉफीचं अजून ठरवलेलं नाही.