चारशे बारा

वारा फार सुटला की
पुंता अरेनासच्या चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
आज तशीच आले,
एका हातात टोपी, दुसऱ्यात दोर.
प्रयोगशाळेत शिरते तोच येर्को म्हणाला,
"एदुविनाबाई, यंत्र एका पेशीवर अडलंय."

अडलंय म्हणजे बिघडलेलं नाही.
पोर्वेनीरहून सामुद्रधुनी ओलांडून बोटीनं आलेली नळी,
तिच्यातला थेंब काचपट्टीवर पसरून जांभळा रंगवलेला.
यंत्रानं दोनशे पांढऱ्या पेशींचे फोटो काढले,
शाळेतल्या वर्गाच्या फोटोसारखे ओळीनं लावले,
प्रत्येकीखाली नाव लिहिलं.
एकशे नव्याण्णव जणींना नाव मिळालं.
एक दोन नावांच्या मध्ये उभी.

एकतीस वर्षं हे मी बोटांनी केलं.
डोळा भिंगाला, बोटं गणकाच्या खटक्यांवर,
शंभर भरले की घंटी वाजायची. टिंग.
घरी जेवताना टेबलावर बोटं चालायची,
क्लोरिंदा हसायची, "ताई, मीठ मोजतेस का?"

आई चिलोए बेटावरची.
बियाण्याचे बटाटे अंधारात निवडायची,
अंगठ्यानं डोळे चाचपून.
कसं कळतं विचारलं तर म्हणायची, "कळतं."
मला तेवढ्यावर सुटता आलं नाही.
यंत्राला शिकवायचं होतं.
चार वर्षं, साठ हजार पेशी.
ही न्यूट्रोफिल, केंद्रकाला तीन गाठी.
ही मोनोसाइट, चुरगळलेल्या उशीसारखी.
हा रंगाचा डाग, याला पेशी म्हणू नकोस.
ही फुटलेली, हिला सोड.
लेकराकडून धुळाक्षरं गिरवून घ्यावीत तसं.

त्यातली एक दुपार ऑगस्टमधली.
क्लोरिंदा गेल्याचा फोन सांतियागोहून आला.
विमान दुसऱ्या दिवशी होतं.
घरी जाऊन भिंतींशी काय बोलणार?
मी खुर्चीतच बसले, नावं देत राहिले.
चारशे बारा.
कुठलीला काय म्हटलं, आठवत नाही.
साठ हजारांत चारशे बारा,
पिठात मीठ.

आता पडद्यावर ती एक.
यंत्र म्हणतं, ब्लास्ट, एक्कावन्न टक्के.
कोवळी, पिकण्याआधीच मज्जेतून बाहेर पडलेली,
क्लोरिंदाच्या रक्तात भरून राहिलेल्यांपैकी.
मी वाकून पाहते.
नाही रे. बघ, शेजारच्या तांबड्या पेशींना
कशी अंग लावून बसलीय,
त्यांच्या कडेनं वळलीय, काठाला निळी गर्द झालीय.
ही तापानं जागी झालेली लिंफोसाइट.
मुलाचं वय? सतरा. घसा? सुजलेला. मानेत गाठी.
तरी दुसरी काचपट्टी करायला लावली,
भिंग काढलं, हातानं शंभर मोजले.
घंटी वाजली नाही,
तो गणक कपाटात कुलूपबंद आहे.

येर्कोनं जुन्या नोंदी उघडल्या,
तारीख टाकली. मी सांगितली नव्हती,
त्यानं कशी ओळखली कोण जाणे.
पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीही.
चौथीखाली ब्लास्ट लिहिलेलं.
ती ब्लास्ट नव्हती.
सातवीही नव्हती.
त्या दुपारी मला सगळीकडे तीच दिसत होती,
आणि मी ते लिहिलं,
आणि कुणीतरी ते मन लावून शिकलं.

"तेवढ्यानं एवढं होत नसतं," येर्को म्हणाला.
खरं असेल. त्याचं गणित चांगलं आहे.

काळोख पडेपर्यंत एकोणतीस नावं बदलली.
तिसाव्याला थांबले.
ती खरंच कोणती, मला आजही सांगता येईना.
खाली रिकामी चौकट होती, ती तशीच सोडली.

पोर्वेनीरला निरोप गेला:
पोराला झोपू द्या, पाणी पाजा, पंधरा दिवसांनी परत रक्त पाठवा.

बाहेर वारा तसाच.
दोर धरला, निघाले.
दोरावर बोटं आपोआप
एक, दोन, तीन.