शेवटची दहा मिनिटं

डिसेंबरात इथे, सुपिरियर सरोवराच्या काठी,
सूर्य पाचलाच दुकान आवरतो.
पुढचा अर्धा तास कायद्यात बसतो,
त्यातली शेवटची दहा मिनिटं
बाबांच्या डोळ्यांत बसत नाहीत.

म्हणून तळघरात त्यांचं धनुष्य मांडीवर घेऊन
दोरीतल्या कडीचं भोक मी मोठं केलं,
मसुरीएवढं.
नेमाची लाल पिन काढली,
संधिप्रकाश लाल रंग आधी गिळतो;
हिरवी बसवली, मागे फायबरचे चार वेढे,
वर बटणाएवढा दिवा.
"आता दिसतंय?"
"दिसतंय. फक्त तेच दिसतंय."
हिरवा ठिपका असा फुगला होता
की पुठ्ठ्याचं हरण अख्खं त्यात बुडालं.

मग दिव्यावर काळी चिकटपट्टी,
तिला सुईनं एक टोचा.
रेनो कांगास, वय एकाहत्तर,
खूश झाले तरी "चालेल" एवढंच म्हणतात.
म्हणाले.

शनिवारी मचाणावर आम्ही दोघं.
हेमलॉकखालचा काळोख एका जागी जरा दाट झाला
आणि त्यानं मान वळवली.
बाबांनी दोरी गालापर्यंत ओढली.
मी मनात आकडे मोजत राहिले.
अठरा. एकोणीस.
दोरी सावकाश परत आली,
भरली बादली विहिरीत पुन्हा सोडावी तशी.

"पिन?"
"लख्ख."
"मग?"
"हरणाला कुठे लावलायस दिवा?"

उतरताना टॉर्च मी धरला.
शिडीच्या पायऱ्या त्यांनी मोजल्या, मोठ्यानं,
माझ्यासाठी.